विरोधकाचे दोन शब्द

जायचं तर जायचं, पण बोलायचं नाही, असं आबांनी चहा पिता पिता सांगून टाकलं.

अनिता गॅससमोर तशीच उभी राहिली. साडेपाच वाजले होते. सहाला गाडी निघायची होती. आणि काल संध्याकाळपर्यंत हौसरावआप्पा फोनवर सांगत होते की सगळं ठरलंय.

ठरलेलं असं होतं. हैबतभाऊ निंबोरेंचा आज दहावा, दौंडच्या अलीकडं भीमेच्या घाटावर. तिथं पोपटराव, म्हणजे आबा, माईकवर उभे राहणार आणि दोन शब्द चांगले बोलणार. सहा वेळा आमदार झालेल्या माणसाला ज्यानं चाळीस वर्षं विरोध केला, तोच चांगलं बोलला की बाकीच्यांची तोंडं बंद. मग भाऊंचा मुलगा रणधीर पंचायत समितीचं तिकीट आबांच्या सुनेला देणार. म्हणजे अनिताला. आप्पा हे आबांचे सख्खे धाकटे भाऊ, पण तीस वर्षं हैबतभाऊंच्या गटात. सगळी बोलणी त्यांनीच केलेली.

"आबा, तुम्ही परवा व्हय म्हणला होता," अनिता म्हणाली.

"जायला व्हय म्हणलो व्हतो."

"मग नुसतं जाऊन बसायचं?"

"त्यो माझ्या आईच्या दहाव्याला आला व्हता. मला आत टाकून दोन महिने झाले नव्हते तवा. तरी आला. मी त्याच्या दहाव्याला जाणार. लग्न चुकलं तर चालतंय, दहावा चुकू नये."

"आणि माझं काय?"

आबांनी कप खाली ठेवला. अनितानं आवाज चढवलेला त्यांना चालायचा. घरात ती एकटीच त्यांच्याशी असं बोलायची. नवरा कंपनीत पहिल्या शिफ्टला गेला होता, आणि तो घरी असता तरी काही बोलला नसता.

"तुझं काम चांगलं हाय. तुला तिकीट तुझ्या कामावर मिळावं."

"कामावर मिळत असतं तर तुम्हाला नसतं का मिळालं?"

आतून सासूबाईंचा, साखरबाईंचा आवाज आला. "बोलायचं नसंल तर नका बोलू. पण धुतल्याली टोपी घाला. मागच्या बारीला मळकी घालून गेल्ता, फोटोत आली."

विषय तिथंच राहिला. अनितानं गॅस बंद केला. चार वर्षं ती बचत गटाच्या बायका घेऊन फिरत होती. निमोण्यातल्या तीन वस्त्यांवर तिनं टँकर सुरू करायला लावला होता, स्वतः बीडीओच्या केबिनमध्ये बसून. आता पंचायत समितीचा गण महिलांसाठी राखीव निघाला होता. असा परत कधी निघेल, सांगता येत नव्हतं.

गाडी आबांचा नातू सार्थक चालवत होता. शेजारी आप्पा, मागं आबा मध्ये आणि दोन बाजूंना सासू-सून.

सार्थकला मजा वाटत होती, आणि मजा वाटते याची थोडी लाजही. दहा दिवस त्याच्या फोनवर दुसरं काही नव्हतंच. भाऊ गेले त्या दिवशी दुपारपर्यंत त्याच्या कॉन्टॅक्टमधल्या दोनशे लोकांनी स्टेटस ठेवलं. 'वादळ शांत झालं.' 'पोरका झाला तालुका.' ज्यांना भाऊंनी कधी ओळख दाखवली नव्हती, त्यांच्याकडंही भाऊंबरोबरचा फोटो निघाला. करडे गावच्या एकानं 'बरं झालं' एवढंच टाकलं आणि दहा मिनिटांत काढलं. तोवर स्क्रीनशॉट फिरले. संध्याकाळी त्याच्या दुकानापुढं चाळीस पोरं. मग त्याच माणसानं रडतानाचा व्हिडिओ टाकून माफी मागितली, आणि त्याला दोन हजार लाईक आले. रांजणगावातल्या खोल्यांवरची बिहारची पोरं एवढंच विचारत होती, "कौन मरा? कंपनी बंद है क्या?"

सार्थकनं स्वतः स्टेटस ठेवलं नव्हतं. मग ज्यांनी ठेवलं नाही त्यांची यादी फिरायला लागली, तिच्यात त्याचं नाव आलं. आजोबांमुळं नाही ठेवलं, असं सगळ्यांना वाटलं. खरं तर काय लिहायचं तेच त्याला कळलं नव्हतं.

पारगावच्या पुलाअलीकडं ते चहाला थांबले. टपरीवर पांढऱ्या कपड्यातली बरीच माणसं होती. सगळी घाटावरच निघालेली.

"काय बी म्हणा," एक म्हातारा सांगत होता, "माझ्या पोरीच्या ऑपरेशनला त्या माणसानं राती दोनला फोन उचलला. स्वतः."

"तुमचा उचलला," दुसरा म्हणाला. "आमची जमीन रस्त्यात गेली तवा आठ महिने नाही उचलला."

"मग तरी चाललाय की दहाव्याला!"

"जायाचं नाही तर काय? ती पोरं बघतात कोण आलं नाही ते."

सगळे हसले. मग कुणाचं तरी लक्ष आबांकडं गेलं आणि हसणं बारीक झालं. म्हातारा उठून उभा राहिला. "पोपटराव, तुमी बी?"

"आम्ही बी," आबा म्हणाले आणि चहाचा घोट घेतला.

आप्पांनी संधी साधली. "दादा बोलणारेत आज."

आबांनी आणखी एक घोट घेतला. अनिताला वाटलं, नाही म्हणाले नाहीत ना. तिला तेवढंही पुरलं.

घाटावर ते सातलाच पोचले. पुढच्या रांगेत जागा मिळावी म्हणून अनितानंच घाई केली होती. मांडव मोठा होता, लग्नाला असतो तसा, फक्त पांढरा. चारी बाजूंना फ्लेक्स. एका फ्लेक्सवर भाऊंच्या फोटोखाली छत्तीस शोकाकुल माणसांचे फोटो होते, आणि त्यातले निम्मे नुसते दात काढून हसत होते.

आबा मांडवात बसले नाहीत. नदीकडच्या पायऱ्यांवर एका बाजूला जाऊन टेकले. तिथून खालचा ओटा दिसत होता. ओट्यावर पिंड मांडले होते. शेजारी पत्रावळीवर भात, वर लाडू, आणि भाऊंना आवडायची म्हणून मिरचीची भजी. रणधीर पाण्याच्या कडेला पाठमोरा बसला होता. न्हावी त्याचं डोकं करत होता.

आबांना आईचा दहावा आठवला. घोडनदीचा घाट. ते असेच वस्तऱ्याखाली बसलेले. कालव्याची चारी निमोण्याला यायची होती, ती भाऊंनी वाकडी करून मेव्हण्याच्या शिवारात नेली. आबांनी रस्ता अडवला. अकरा दिवस येरवडा. ते आत असताना गिताबाईनं, त्यांच्या आईनं, तहसीलच्या दारात भाऊंची गाडी थांबवून शिव्या दिल्या. आबा सुटून आले आणि तीन आठवड्यांत आई गेली. आणि तिच्या दहाव्याला हा माणूस आला. माईक घेऊन म्हणाला, "सगळे माझ्या पाठीमागं बोलतात. ही एक बाई मला तोंडावर बोलली. आता मला तोंडावर बोलायला कोण राहिलं?" आख्खा घाट रडला. आबाही रडले. चारीचं त्यांना एवढं लागलं नव्हतं, जेवढं ते रडू मनाला लागलं. कारण ते खोटं नव्हतं.

साडेसातला कावळा आला.

आला तो सरळ भातावर. चोच घातली, घास उचलला आणि वरच्या लिंबावर जाऊन बसला. परत खाली आला. तेवढ्यात पांढऱ्या शर्टातले दोन कार्यकर्ते धावत आले.

"अय, हाड! हाड! अरे हाकल की त्याला. मंत्री पुण्यातनं निघालेत आत्ता."

"शिवला का रं त्यो?"

"न्हाई न्हाई. सरळ कर ती पत्रावळ. ड्रोनवाला कुठं मेला?"

एकानं उपरणं फिरवलं. दुसऱ्यानं भात हातानं नीट केला. कावळा चोचीत भजं घेऊन नदीपलीकडं गेला. रणधीरचं डोकं खाली होतं, त्यानं काही पाहिलं नाही. आबांनी पाहिलं. सुपारी काढली, फोडली आणि तोंडात टाकली.

मंत्री नऊला आले. तोवर ड्रोन वर भिरभिरत होता, आणि कावळ्याचं नाव नव्हतं.

महाराजांचं प्रवचन झालं. श्रद्धांजल्या सुरू झाल्या. कावळा नाही. मग निवेदकानं आवाज ओला करून सांगितलं, "भाऊंची काही इच्छा राहिली असेल, तर ती आज इथं बोलून दाखवा."

मग रांगच लागली. एकजण म्हणाला, भाऊ, कारखाना आम्ही बंद पडू देणार नाही. दुसरा म्हणाला, भाऊ, रणधीरदादाला आम्ही आमदार करणार. शेजारच्या गावचा हृतिक पुढं झाला, तिशीचा, गळ्यात जाड चेन. "भाऊ, माझी करिश्मा पंचायत समितीला तुमचा झेंडा लावणार!"

अनितानं मान वळवून आप्पांकडं पाहिलं. आप्पा जमिनीकडं बघत होते.

"आप्पा, हे काय?"

"ते दोघं नवरा-बायको बी तिकीट मागत्यात. म्हणून तर म्हणतोय, दादांना उठव."

दहा वाजले. ऊन मांडवाखाली आलं. मागच्या रांगांतून कुजबुज सुरू झाली, आणि ती पुढं पुढं सरकत आली.

"शिवंना म्हंजी अडकलाय जीव."

"कशात न अडकंल? किती जणांचं खाल्लं."

"पापच हाय ते. कावळा बी तोंड लावंना."

ओट्याशेजारी रणधीर उघडाच बसला होता. पन्नाशीचा माणूस. दहा दिवस टीव्हीवाल्यांपुढं ताठ उभा राहिलेला. आता त्याचे खांदे खाली आले होते. कुजबुज त्यालाही ऐकू जात होती.

बायकांच्या बाजूला साखरबाई भाऊंच्या बायकोशेजारी बसल्या होत्या. धुरपदाबाई आणि त्या आयुष्यात दोनदाच भेटलेल्या.

"तुमच्या मालकांचं पेपरात काय आलं की आमचे मोठ्यानं वाचून दाखवायचे," धुरपदाबाई म्हणाल्या. "चिडायचे, आन् परत वाचायचे."

"आमचे बी तसेच."

"ताई, एक मागते. त्यांना म्हणावं, माफ केलं म्हणा. एवढंच अडलं असंल. माझ्या माणसाला असं उन्हात ठिवू नका."

साखरबाईंना तिचा हात थंड लागला. त्या उठल्या, पायऱ्यांकडं गेल्या. अनिताही मागोमाग गेली.

"वहिनीसाहेब म्हणत्यात, माफ केलं म्हणा," साखरबाईंनी निरोप सांगितला. मग पदर सारखा केला. "निरोप झाला. आता माझं ऐका. चारी गेल्यावर सात उन्हाळे मी डोक्यावर पाणी आणलंय. तवा पोटात पोर व्हतं, ते गेलं. मी माफ केल्यालं न्हाई. तुमी माझ्या वतीनं करू नका."

अनिताला हे माहीत नव्हतं. एवढ्या वर्षांत घरात कुणी बोललं नव्हतं. ती सासूकडं बघत राहिली. तरी तोंडातून निघालंच, "आबा, एक शब्द. खरा नसला तरी चालंल. मेलेल्या माणसाला काय कळतंय?"

"मला कळतंय की," आबा म्हणाले.

पण ते उठले. कारण गेले दोन-अडीच तास ते जे करत होते, ते त्यांचं त्यांनाच आवडलं नव्हतं. मागच्या रांगांतला एकेक शब्द त्यांनी चाखला होता. पापी. अडकला. कावळा शिवला नाही. ते गप्प राहिले असते तर आख्ख्या तालुक्यात पुढची पन्नास वर्षं एवढंच राहिलं असतं. सहा निवडणुकांत जे जमलं नाही, ते नुसतं सुपारी चघळत बसून जमलं असतं.

निवेदकाला त्यांना येताना बघून भरून आलं. "भाऊंचे कट्टर विरोधक, पण मनानं दिलदार..."

"द्या हिकडं," आबांनी माईक घेतला.

सार्थकनं फोन वर धरला आणि मग का कोण जाणे, खाली घेतला.

"राम राम. माझं आन् हैबतरावाचं जमलं न्हाई, ते तुमाला म्हाईत हाय. मला म्हणत्यात, माफ केलं म्हणा. निमोण्याची चारी त्यानं वाकडी नेली. ती आजबी तिथंच हाय. माझ्या एकट्याचं रान असतं तर म्हणलो असतो. दोनशे घरांचं पाणी मी एकटा कसा माफ करू? माझ्या घरात बी एक माणूस हाय, तिनं केलं न्हाई."

"बसा खाली!" कुणीतरी ओरडलं. हृतिक उभाच राहिला. आप्पांनी डोळे मिटले.

"बसतो. एक राहिलंय." आबा मागच्या रांगांकडं वळले. "तिथनं कोण म्हणलं, पापी व्हता म्हणून कावळा शिवंना? ते खोटं हाय. कावळा शिवलाय. साडेसातला. मी त्या पायरीवर व्हतो. भातात चोच घातली, घास घेतला, लिंबावर बसून खाल्ला. परत आला तवा तुमच्या पोरांनी हाकलला, मंत्री यायचे व्हते म्हणून. आन् आता वर ते भिरभिरं सोडलंय. कोण येईल? मानूस कवाच गेलाय. तुमीच त्याला धरून बसलाय."

ड्रोनचा आवाज तेवढा येत होता. मग तोही खाली आला.

क्रिया सांगणाऱ्या गुरुजींनी त्या दोन कार्यकर्त्यांकडं पाहिलं. एकजण मंत्र्यांकडं बघत होता, दुसरा पायाच्या अंगठ्यानं वाळू उकरत होता.

"काय रे? शिवला होता?"

"घास उचलला होता, पण..."

"पण काय? झालं मग. रणधीरराव, उठा. पाणी सोडा."

मांडव पांगला. मंत्री भाषण न करताच निघाले. जेवणाच्या पंगतीकडं गर्दी वळली. कोण म्हणत होतं, म्हाताऱ्यानं लाज राखली. कोण म्हणत होतं, म्हाताऱ्यानं शेवटच्या दिवशीसुद्धा डाव साधला. दोन्ही बाजू सारख्याच जोरात होत्या.

गाडीजवळ आप्पांचा तोल गेला. "दादा, माफ केलं म्हणायला तुमची जीभ झडत व्हती का? तीस वर्सं मी त्यांच्या सतरंज्या उचलल्या. एक तिकीट आणत व्हतो घरात. दोन मिन्टात घालवलं."

"व्हय, घालवलं," आबा म्हणाले.

"आबा, मला तुमचा राग आलाय," अनिता म्हणाली. "आत्ता सांगते, मनात ठेवणार नाही. मला पाहिजे होतं ते."

"म्हाईत हाय, पोरी."

तिनं साखरबाईंना हात देऊन गाडीत बसवलं. बसवताना हात सोडायला एक क्षण उशीर केला.

तेवढ्यात रणधीर आला. एकटाच, ओलं धोतर, अंगावर नवा टॉवेल. बरोबरच्यांना त्यानं लांबच थांबवलं होतं. आप्पा लगेच पुढं झाले, पण तो त्यांच्याशेजारून आबांपुढं जाऊन उभा राहिला.

"आबा, एक विचारू? आईला बरं वाटावं म्हणून तर नाही ना बोललात? ती पोरं आता माझ्या भीतीनं काहीही म्हणतील. खरंच आला होता कावळा?"

आबांनी त्याच्याकडं नीट पाहिलं.

"तुझ्या बापाच्या इरुद्ध मी चाळीस वर्सं बोललो. एक शब्द खोटा बोललो का? सांग."

रणधीरनं विचार केला. खरंच केला. "नाही."

"मग आज कशाला बोलू? आला व्हता. भजं बी नेलं त्यानं."

रणधीर हसायला गेला आणि ते रडूच निघालं. दहा दिवसांत तो रडला नव्हता, कॅमेऱ्यापुढं नाही आणि कॅमेऱ्यामागंही नाही. आता गाडीच्या बॉनेटवर हात टेकून तो रडत होता, तोंड उघडं टाकून. सार्थक दुसरीकडं बघायला लागला.

आप्पांचं कोपर अनिताच्या दंडाला लागलं. "माग," ते ओठ न हलवता म्हणाले. "आत्ता माग. आत्ता न्हाई म्हणणार न्हाई त्यो."

अनितालाही ते दिसत होतं. या घडीला तो कशालाही हो म्हणाला असता. चार वर्षं ती ज्या दारात ताटकळत उभी होती, ते दार पुढ्यात उघडं होतं, आणि एक शब्द पुरला असता. तिनं तोंड उघडलं. मग तिला त्याच्या कानामागं रक्ताची बारीक रेघ दिसली. घाईत वस्तरा लागला होता आणि सकाळपासून कुणीही त्याला सांगितलं नव्हतं.

तिनं पर्समधून रुमाल काढून पुढं केला. "दादा, कानामागं कापलंय. दाबून धरा जरा."

त्यानं रुमाल घेतला, दाबला. श्वास जाग्यावर आल्यावर तिच्याकडं बघितलं. "वहिनी, तुमचं ते..."

"परवा येते मी तुमच्या ऑफिसला. तिकीट मागायला. हितं नाही मागत. आणि चारीचा अर्ज पण आणणार आहे, आत्ताच सांगून ठेवते. तिकीट दिलं तरी आणणार, नाही दिलं तरी आणणार."

रणधीरनं मान हलवली. "या," एवढंच म्हणाला आणि रुमाल तसाच दाबून धरत मांडवाकडं गेला.

"परवा?" आप्पांनी कपाळावर हात मारला. "अगं बाई, उद्या यादी जाती पुण्याला!"

अनिता गाडीत बसली, दार ओढून घेतलं.

"जाऊ द्या," ती म्हणाली. "मी परवाच जाणार."